पैशाचे वय आणि कामाचे वय : सामाजिक उद्योगाची दीर्घकालीन योजना कशी आखावी

सामाजिक हेतूने उद्योग उभारणाऱ्या बहुतेक संस्थापकांची पहिली ‘दीर्घकालीन योजना’ कुणाच्या तरी अर्जाच्या नमुन्यात लिहिली जाते. नमुन्यात तीन वर्षांचे रकाने असतात, म्हणून योजनाही तीन वर्षांची होते. यात देणगीदाराचा दोष नाही, कारण त्याच्या पैशालाच वय असते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करायची असते, आणि एखादे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून दाखवले तरी त्याची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे धरता येते. ज्यासाठी हा पैसा मागितला जातो ते काम मात्र, उदाहरणार्थ एखाद्या डोंगराळ तालुक्यातील नाचणी उत्पादकांना बाजारात स्वतःचे स्थान मिळवून देणे, पंधरा वर्षांच्या आत क्वचितच तडीस जाते. पैशाचे वय तीन आणि कामाचे वय पंधरा, तर मधली बारा वर्षे कशी काढायची, याचे कागदावर मांडलेले उत्तर म्हणजे दीर्घकालीन योजना.

लहान संस्थांचे हिशेब आणि अर्ज तयार करून देण्याच्या निमित्ताने अशा अनेक योजना माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांत भाषा कमी पडल्याचे फारसे आढळत नाही. पहिल्या पानावरचे स्वप्न आणि शेवटच्या पानावरचे अंदाजपत्रक यांची एकमेकांशी ओळख नसते, हे मात्र वारंवार दिसते. म्हणून पुढील मांडणी पायरीपायरीने केली असली, तरी प्रत्येक पायरीवर हिशेबाची वही शेजारी उघडी ठेवावी.

शेवट आधी ठरवावा

योजनेचे पहिले वाक्य शेवटच्या वर्षाविषयी असावे. पंधरा वर्षांनी हे काम कोणाच्या हाती असेल, या प्रश्नाची प्रत्यक्षात चारच उत्तरे संभवतात : काम संपलेले असेल; ते शासनाने उचललेले असेल; ज्यांच्यासाठी ते सुरू झाले त्यांच्याच मालकीचे झालेले असेल; किंवा संस्था स्वतःच्या उत्पन्नावर ते चालवीत असेल. यांतील एक उत्तर निवडणे संस्थापकांना जड जाते, आणि बहुतेक जण ‘चारही थोडे थोडे’ असे सांगून सुटका करून घेतात. परंतु प्रत्येक उत्तराला वेगळी माणसे, वेगळा कायदेशीर साचा आणि वेगळा पैसा लागतो. त्यामुळे न निवडण्याची किंमत दहाव्या वर्षी मोजावी लागते.

काम शासनाने उचलावे अशी इच्छा असेल, तर पहिल्या वर्षापासून पुरावा गोळा करावा लागतो आणि तोही शासनाला परवडेल अशा पद्धतीचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात बालकांच्या काळजीचा कार्यक्रम देशपातळीवर आला. निष्कर्ष छापून आल्यापासून कार्यक्रम येईपर्यंत बारा वर्षे गेली, आणि त्याआधीची क्षेत्रीय कामाची वर्षे वेगळी. ज्यांना हा शेवट हवा आहे, त्यांनी आपल्या योजनेत इतका काळ धरलेला असावा, आणि त्या काळात नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार कोठून येणार हेही लिहिलेले असावे.

मालकी लाभार्थ्यांची व्हावी, हा शेवट महाराष्ट्राला परका नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. तेथे काम करणारी प्रत्येक भगिनी नफ्या-तोट्याची वाटेकरी असते, आणि देणग्या स्वीकारायच्या नाहीत हे धोरण सुरुवातीलाच ठरलेले होते. हे धोरण सर्वांनाच झेपेल असे नाही. परंतु ते घ्यायचे असेल तर पहिल्याच वर्षी घ्यावे लागते, कारण पाच वर्षे अनुदानावर चाललेल्या गटाला सहाव्या वर्षी ‘आता तुम्ही मालक’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या गळ्यात तोटा बांधणे होय.

चौथा शेवट, म्हणजे संस्थेने स्वतःच्या कमाईवर चालणे, सर्वांत आकर्षक वाटतो आणि त्याचेच अंदाज सर्वांत जास्त चुकतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून मोफत शस्त्रक्रियांचा खर्च निघावा अशी घडी बसवली. मात्र दाखला देताना १९९२ हे वर्ष विसरले जाते. त्या वर्षी संस्थेने ‘ऑरोलॅब’मार्फत डोळ्यात बसवायची भिंगे स्वतः तयार करण्यास सुरुवात केली, कारण आयात भिंगाच्या किमतीत गरिबांच्या शस्त्रक्रियेचे गणित बसत नव्हते. रुग्णालय सुरू झाल्यावर सोळा वर्षांनी खर्चाच्या सर्वांत अवघड बाबीला हात घातला गेला. आपल्या कामात असे ‘भिंग’ कोणते, हे योजनेत नाव घेऊन लिहिलेले असावे.

एका पुड्याचा हिशेब

पंधरा वर्षांची योजना एका पुड्यापासून सुरू करावी, असा माझा आग्रह असतो. समजा, महिलांचा एक गट नाचणीचे पीठ किलोच्या पुड्यांत विकतो. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपापले आकडे आपापल्या बिलांवरून घ्यावेत. नाचणी ४६ रुपये किलोने घेतली, निवडण-पाखडण आणि दळणात ८ टक्के घट आली, म्हणजे पिठाच्या एका किलोमागे कच्चा माल ५० रुपयांना पडला. मजुरी ८, पिशवी आणि लेबल ६, वाहतूक ४, असा एकूण ६८ रुपये खर्च झाला. पुड्याची छापील किंमत १०० रुपये असून दुकानदाराचा वाटा २५ टक्के आहे, त्यामुळे गटाच्या हाती ७५ रुपये येतात आणि पुड्यामागे ७ रुपये सुटतात.

आता ज्या खर्चाचा पुड्याशी थेट संबंध दिसत नाही तो पाहावा. समन्वयकाचा पगार महिना २२,००० रुपये, जागेचे भाडे आणि वीजबिल ५,००० रुपये, आणि ३,६०,००० रुपयांच्या यंत्राचा दहा वर्षांत विभागलेला घसारा ३,००० रुपये, असे दरमहा ३०,००० रुपये होतात. पुड्यामागे ७ रुपये सुटत असतील तर महिना जवळपास ४,३०० किलो पीठ विकल्याशिवाय हा खर्च निघत नाही. गट आज १,००० किलो विकत असेल, तर दरमहा २३,००० रुपयांची तूट आहे आणि ती अनुदान भरून काढते आहे. अनुदानाच्या तीन वर्षांत ही तूट डोळ्यांना दिसत नाही, कारण समन्वयकाचा पगार ‘प्रकल्प खर्च’ या मथळ्याखाली वेगळ्या वहीत असतो आणि यंत्र तर दान म्हणूनच आलेले असते.

या ठिकाणी बहुतेक योजनांत ‘विक्री चौपट करू’ असे लिहिले जाते. त्याऐवजी निम्मा माल दुकानदाराविना, म्हणजे हाउसिंग सोसायट्या, खानावळी, शाळांची वसतिगृहे यांना थेट गेला तर काय होईल, ते मांडून पाहावे. थेट विक्रीलाही पुड्यामागे १० रुपये खर्च येईल असे धरले, तर तेथे हाती ९० रुपये पडतात. दोन्ही मार्गांची सरासरी ८२.५० रुपये होते, पुड्यामागे १४.५० रुपये सुटतात, आणि तोच ३०,००० रुपयांचा खर्च महिना सुमारे २,१०० किलोंत निघतो. लक्ष्य निम्म्याहून खाली आले, आणि चौपट विक्रीच्या जागी दुप्पट विक्री व निम्मे नवे गिऱ्हाईक असे हाताळता येण्याजोगे काम समोर राहिले. पाचव्या वर्षापर्यंत हे कसे साधायचे, हा योजनेचा खरा मजकूर होय.

याच हिशेबात संस्थापकाचे मानधनही घालावे, मग ते प्रत्यक्षात घेतले जात असो वा नसो. जो संस्थापक स्वतःला शून्य रुपये दाखवतो, तो आपल्या वारसदाराचे पद रिकामे ठेवतो, कारण त्याच्या नंतर येणारा माणूस फुकट काम करणार नाही आणि त्याच्या पगाराएवढी जागा हिशेबात कधी केलेलीच नसते.

हंगामाचा पैसा

खेळते भांडवल हा विषय देणगीच्या अर्जांत जवळजवळ कधीच येत नाही आणि उद्योग मात्र त्याच्याच अभावी बंद पडतात. नाचणी खरिपाची, ती दिवाळीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत बाजारात येते. वरच्या उदाहरणात महिना २,१०० किलो पिठासाठी दरमहा १,०५,००० रुपयांचा कच्चा माल लागतो, म्हणजे वर्षभराची नाचणी हंगामात एकदम घ्यायची तर १२,६०,००० रुपये हाताशी हवेत. अनुदानाचा हप्ता याच सुमारास येईल याची काही शाश्वती नसते. पुष्कळदा तो मार्चच्या तोंडावर येतो आणि महिनाअखेर खर्च दाखवा असा निरोप सोबत घेऊन येतो. तोवर शेतकऱ्याने माल व्यापाऱ्याला घातलेला असतो, आणि गट मेमध्ये त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या दराने नाचणी घेतो.

म्हणून योजनेत वार्षिक अंदाजपत्रकाशेजारी बारा महिन्यांचा रोख-आवकजावक तक्ता असलाच पाहिजे. त्यात प्रत्येक महिन्याच्या अखेरीस हाती किती रक्कम उरते हे लिहावे, आणि ज्या महिन्यात हा आकडा उणे होतो त्या महिन्यासाठी कोणाचे कर्ज, किती व्याजाने, कोणत्या तारणावर, हे आताच ठरवावे. हंगामाची अडचण पैशाचीच असते असेही नाही. लिज्जतच्या पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद राहिले. पुढल्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली स्टो ठेवण्याची युक्ती करण्यात आली. खाट आणि स्टो यांची किंमत फार नसेल, पण चार महिन्यांची मजुरी त्यांवर अवलंबून होती. आपल्या उद्योगाचे बंद पडणारे महिने आणि त्यांवरील खाट-स्टो यांना तक्त्यात स्वतंत्र ओळ द्यावी.

साचा कोणता निवडावा

कायदेशीर नोंदणी शेवट ठरल्यानंतर करावी. प्रत्यक्षात ती ओळखीचे सनदी लेखापाल सुचवतील त्या पद्धतीने, सर्वांआधी होते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदली जाते, आणि धर्मादाय आयुक्तांचे नियम तिला लागू होतात. अशा संस्थेची स्थावर मालमत्ता पुढे विकायची, बदलायची किंवा दान द्यायची झाल्यास आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा दहा वर्षांनी गोदाम गटाच्या नावे करून देण्याचा मनसुबा असेल, तर ते संस्थेच्या नावावर घेण्यापूर्वीच वकिलाला विचारावे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील, म्हणजे ना-नफा, कंपनीचा कारभार अधिक शिस्तीचा असतो, परंतु तिला सभासदांत लाभांश वाटता येत नाही. मालकी उत्पादकांकडे जायची असेल, तर किमान दहा उत्पादकांची उत्पादक कंपनी हा सरळ मार्ग आहे. व्यक्ती सभासद असलेल्या अशा कंपनीत शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असते.

विक्री करणाऱ्या धर्मादाय संस्थांनी आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत अशा स्वतंत्रपणे सांगितलेल्या उद्देशांत न बसता ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या उद्देशाखाली येणाऱ्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहावी लागते, नाहीतर करसवलत धोक्यात येते. विक्री वाढणे हेच यश मानणाऱ्या योजनेला हा नियम पाचव्या-सहाव्या वर्षी आडवा येतो. अशा वेळी व्यापार वेगळ्या कंपनीत आणि प्रशिक्षण संस्थेत, अशी विभागणी करणारे पुष्कळ आहेत. ती करताना दोन्हींचे व्यवहार, जागा आणि माणसे कागदोपत्री स्वच्छ वेगळी राहतील याची काळजी घ्यावी. परदेशी देणगीच्या भरवशावर मात्र योजना उभी करू नये, कारण ती घेण्यासाठी लागणारी नोंदणी पाच वर्षांची असते, आणि परदेशी देणगीविषयक कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो, तसेच तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

गंगाजळी

‘सामाजिक संस्थेने पैसा साठवू नये’ असा एक भाबडा समज विश्वस्तांतही आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. करसवलत घेणाऱ्या संस्थेने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करावी अशी अपेक्षा असते. उरलेले १५ टक्के बाजूला ठेवता येतात, आणि त्याहून अधिक ठेवायचे असल्यास ठराविक कामासाठी, तसे विहित नमुन्यात मुदतीत कळवून, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी ठेवता येतात. शिवाय देणगीदाराने लेखी निर्देश देऊन कायम निधीसाठी दिलेली रक्कम वेगळी धरली जाते, मात्र ती कायद्याने सांगितलेल्या प्रकारांतच गुंतवावी लागते. म्हणजे यंत्र बदलण्यासाठी, गोदामासाठी, एका वाईट वर्षासाठी पैसा साठवण्याची वाट खुली आहे; तिच्यासाठी वेळेवर केलेला ठराव तेवढा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. सहा महिन्यांचे पगार आणि भाडे निघेल इतकी गंगाजळी पाचव्या वर्षापर्यंत, आणि एका हंगामाच्या खरेदीइतकी दहाव्या वर्षापर्यंत, असे दोन आकडे योजनेत घातले तरी पुरे.

सह्या आणि माणसे

एका लहान संस्थेचे संस्थापक अचानक गेले तेव्हा तिच्या खात्यात पैसा होता आणि तरीही चार महिने पगार झाले नाहीत. बँकेने धर्मादाय कार्यालयाचा अद्ययावत उतारा मागितला. उताऱ्यावर विश्वस्त म्हणून अकरा वर्षांपूर्वीची नावे होती, त्यांतील दोघे हयात नव्हते, आणि मधल्या दोन निवडणुकांचे बदल अर्ज, ज्यांना सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, दाखलच झालेले नव्हते. विश्वस्तांतील बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. ज्या योजनेत पंधरा वर्षांची उद्दिष्टे आहेत पण विश्वस्तांची मुदत कधी संपते याची तारीख नाही, ती योजना मी बाजूला ठेवतो.

वारसदार शोधणे हे वाक्य मोठे वाटते, म्हणून त्याचे लहान तुकडे करावेत. दुसऱ्या वर्षी बँकेच्या सहीत संस्थापकाशिवाय चालेल अशी जोडी असावी. तिसऱ्या वर्षी खरेदीचा दर ठरवण्याचा अधिकार गटाकडे जावा. चौथ्या वर्षी देणगीदारांशी होणाऱ्या बैठकांना दुसऱ्या फळीतील एक जण नेहमी असावा आणि पाठपुराव्याचे पत्र त्याच्याच सहीने जावे. अधूनमधून संस्थापकाने गणपतीच्या दहा दिवसांत फोन बंद ठेवून पाहावे. परत आल्यावर जे जे अडून राहिलेले दिसेल ती पुढच्या वर्षाच्या प्रशिक्षणाची यादी समजावी. हा प्रयोग अनेकांना मानवत नाही. काहींना तर काहीच अडले नाही याचेच वाईट वाटते.

दुसऱ्या फळीच्या पगाराबाबत काटकसर करू नये. गावातील पदवीधर मुलगी तीन वर्षे समन्वयक म्हणून तयार होते आणि चौथ्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणी दुप्पट पगारावर जाते, यात तिची काही चूक नसते. तिच्या पगारात दरवर्षी होणारी वाढ अंदाजपत्रकात नसते, कारण अंदाजपत्रक अनुदानाच्या पहिल्या वर्षाच्या दराने गोठलेले असते.

कागद कसा ठेवावा

संपूर्ण योजना आठ-दहा पानांपेक्षा मोठी करू नये. पहिल्या पानावर शेवटाविषयीचे वाक्य, दुसऱ्यावर एका पुड्याचा हिशेब, तिसऱ्यावर बारा महिन्यांचा रोख तक्ता, आणि त्यानंतर पंधरा वर्षे तीन असमान भागांत : पहिली तीन तपशिलाने, पुढची चार ठळक आकड्यांनी, उरलेली आठ काही वाक्यांत. परिणाम मोजण्यासाठी दोन किंवा तीनच आकडे निवडावेत, जे पंधरा वर्षे त्याच व्याख्येने मोजता येतील. देणगीदार बदलला म्हणून ‘लाभार्थी’ या शब्दाचा अर्थ बदलू देऊ नये.

लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर आणि वार्षिक सभेपूर्वी, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, एक पूर्ण दिवस या कागदासाठी ठेवावा. त्या दिवशी ताळेबंद समोर ठेवून पुड्याचा हिशेब नव्या दरांनी पुन्हा करावा, जुना आकडा खोडून टाकू नये, त्याच्या शेजारी नवा लिहावा, आणि फरक का पडला याचे एक वाक्य तारखेसह नोंदवावे. गटातील किमान दोन जणींनी हा हिशेब स्वतःच्या हाताने केलेला असावा. सभेत तो त्यांनीच वाचून दाखवावा, आणि इतिवृत्तात तसा उल्लेख करून त्याची प्रत ठरावांच्या वहीला जोडावी.